सात पाऊण सव्वापाच

चप्पल डाव्या पायाची होती. रबरी, निळ्या पट्ट्याची, टाचेकडे झिजून कागदाएवढी पातळ झालेली. अंगठ्यापाशी पट्टा तुटला होता आणि तिथं कुणीतरी तांब्याची तार घेऊन तो घट्ट आवळला होता. चिपळुणाजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यावरून निघून आम्हांला दहा मिनिटंही झाली नसतील. धुकं अजून पाण्यावरच बसलेलं, डोक्यावर वद्य सप्तमीचा अर्धा, फिकट चंद्र, आणि ही चप्पल आमच्या पुढं पुढं, पट्टे वर करून, कुणाचा तरी अदृश्य पाय घेऊन चालल्यासारखी खाली समुद्राकडे निघालेली. मला काय वाटलं कोण जाणे, मी वाकून वल्ह्याच्या टोकानं ती ओढायला गेले. होडी कलली. मागं मशीनपाशी बसलेले काका जराही न हलता म्हणाले, "ऱ्हाऊ दे ताई. येल परत."

मी हसले. त्यांना विनोद करायचा असेल असं मला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर विनोदाचं काही नव्हतं. बाजारात गेलेल्या माणसाबद्दल घरचं कुणी सांगावं, 'येईल, जाईल कुठं', तसा तो सूर होता. पुढचा सगळा दिवस मी मगरी पाहिल्या, कांदळवन पाहिलं, उन्हानं नाक सोलून घेतलं, पण डोक्यात मधूनमधून तेच वाजत राहिलं. येल परत.

मी कराडची. माझ्या हिशोबात नदी एकाच बाजूला जाते. आमच्याकडे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन धडकतात आणि दोघी मिळून काटकोनात पूर्वेला वळतात. लहानपणी त्या धडकेच्या जागी भोवऱ्यांची नक्षी बघत बसायचा मला नाद होता. आजी निर्माल्य घेऊन यायची, फुटलेल्या तसबिरी आणायची, वापरून संपलेल्या केरसुण्या मात्र नाही, त्या उंबरठ्याशी लक्ष्मी म्हणून राहायच्या. आजोबा गेल्यावर, तेरावा झाल्यावर, एका संध्याकाळी तिनं त्यांची काठी आणली. वेळूची काठी, मुठीपाशी हाताच्या घामानं काळी झालेली. आजीनं ती फेकली नाही, पाण्यात उतरून आडवी ठेवली, झोपवल्यासारखी. काठी संगमाच्या भोवऱ्यात दोनदा गरगरली, मग तिला प्रवाह सापडला आणि ती सरळ निघून गेली. मी नऊ वर्षांची होते. "आता कुठं जाईल?" मी विचारलं. "म्हागारी न्हाई येत," आजी म्हणाली. "नदी म्हागारी फिरत न्हाई, पोरी." यात तिला दुःख होतं की दिलासा, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नीट कळत नाही. त्यानंतर चार-पाच दिवस शाळा सुटल्यावर मी घाटावर जाऊन बघून येत होते.

काठी आली नाही.

म्हणून असेल, पण खाडी मला कायम थोडी फसवी वाटत आली आहे. नकाशात ती वाशिष्ठी नदी असते, सह्याद्रीतून उतरून चिपळुणावरून दाभोळला समुद्रात जाणारी. प्रत्यक्षात धक्क्यावर उभं राहून पाहिलं तर ती सकाळी एकीकडे चाललेली असते आणि दुपारी दुसरीकडे. आदल्या रात्री मी काकांना फोन करून किती वाजता येऊ म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "उद्या सप्तमी. सात पाऊण सव्वापाच. इकडं वर पाणी चढायला तास-दीड तास धरा. सातला या." मला एकदम आजी आठवली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे सगळं तिला तोंडपाठ होतं. मी कॅल्क्युलेटरच्या काळातली, त्यामुळे तिच्यामागं बसून नुसती चाल पाठ केलेली. तो पाढा माणसं अजून कशाला तरी वापरत असतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. खाडीच्या माणसाला मात्र तो रोज लागतो. तिथीला पाऊणपट करायचं, तेवढ्या वाजता तोंडाशी भरती. खरं पाहिलं तर भरती तिथीमागं 48 मिनिटांनी सरकते, 45 नव्हे, म्हणजे पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची तूट साठते. पण प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते आणि तूट आपोआप भरून निघते. चुकीची दुरुस्ती हिशोबातच बसवलेली आहे. हे कुणी, कधी बसवलं असेल, या विचारानं मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

तर सातला भरलेलं पाणी होतं आणि ते नुकतंच उलटत होतं. ओहोटीबरोबर खाली जायचं, भरतीबरोबर वर यायचं, असा काकांचा बेत. मशीन त्यांनी चालू केलंच नाही. अधूनमधून वल्ह्याचा एक हलका झटका, एवढ्यावर होडी मधोमध राहत होती. अशा जाण्याची एक गंमत आहे. आपण पाण्याच्याच वेगानं जातो, त्यामुळे भोवतालचं पाणी थांबलेलं वाटतं. आपल्या शेजारचा फेस, पान, काटकी सगळं जिथल्या तिथं असतं आणि किनारा मात्र शांतपणे मागं सरकतो. गोविंदगडाची टेकडी धुक्यातून निघाली, आमच्याकडे पाहिल्यासारखं करून निघून गेली. चप्पल बराच वेळ आमच्या उजव्या अंगाला होती. मग एका वळणावर ती काठाकडच्या संथ पाण्यात गेली आणि मागं पडली.

हळूहळू काठ उघडे पडू लागले. आधी झाडांच्या बुंध्यांवरचा ओला पट्टा दिसला, मग त्याखाली चिकण चिखलाचा तपकिरी उतार, मग त्याच्याही खाली करडा, चकाकणारा, कुणी नुकताच हात फिरवल्यासारखा गुळगुळीत गाळ. त्या गाळावर पहिली मगर दिसली तेव्हा मला ते लाकूड वाटलं. काकांनी वल्हं पाण्याबाहेर काढलं आणि हनुवटीनं खूण केली. तोंड उघडं टाकून पडली होती. वाशिष्ठीतल्या मगरी पाहायला थंडीतली ओहोटीच बरी, कारण तेव्हा त्यांना ऊन हवं असतं आणि गाळ उघडा असतो. ती आमच्याकडे बघत नव्हती, निदान तसं दाखवत तरी नव्हती. मी होडीच्या काठावर टेकलेला हात मात्र आत घेतला. काका म्हणाले की त्यांची आई याच पाण्यात गळ्याएवढी उतरून मुळे, म्हणजे शिंपले, काढायची. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "तवा मगरी नव्हत्या असं नाय. पण येवढ्या नव्हत्या."

इथं एक गोष्ट मला सांगायची होती आणि मी ती त्यांना सांगितलीही. म्हटलं, काका, हे पाणी आमचं आहे. ते हसले. पण खरंच आहे ते. महाबळेश्वराहून निघणारी कोयना हेळवाकपाशी पूर्वेला वळून कराडला आमच्या दारात येते. तिचं पाणी धरणात अडवून, सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला सोडून, पोफळीला जनित्रांवर पाडलं गेलं 1962 पासून. तिथून ते कोळकेवाडीला, आणि तिथून शेवटी वाशिष्ठीत. कृष्णा पाणीतंटा लवादानं वर्षाला 67.5 टीएमसी पाणी असं पश्चिमेला वळवायला मुभा दिलेली आहे. जे पाणी कराडवरून पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागरात पोचायचं, ते इथं अरबी समुद्राच्या वाटेला लागतं. त्यामुळे कोकणातल्या इतर बहुतेक नद्या उन्हाळ्यात वरच्या अंगाला दगड दाखवत असताना वाशिष्ठी वाहती असते. काकांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, फक्त वेगळ्या बाजूनं. "वरच्या पान्याला तिथी नाय," ते म्हणाले. "ते लायटीवर चालतं." म्हणजे संध्याकाळी राज्यभर दिवे लागतात, विजेची ओढ वाढते, वर जनित्रं फिरतात आणि नदी चढते. खालून चंद्राचं पाणी, वरून वीजकेंद्राचं. दोन्हींची गाठ चिपळुणाच्या आसपास कुठंतरी पडते. त्या गाठीवर राहणाऱ्या माणसांना दोन घड्याळं सांभाळावी लागतात, आणि त्यांतलं एक पाढ्यात बसत नाही.

मालदोलीच्या पुढं काकांनी होडी एका फाट्यात घातली. बाहेरून तो फाटा दिसतच नाही. कांदळाच्या मुळांची कमानीसारखी गुंतवळ आणि तिच्यात एक काळी फट, एवढंच. आत शिरल्यावर मात्र पाणी बरंच आत जातं, वळतं, पुन्हा फुटतं. आवाज एकदम बदलला. वाऱ्याचा आवाज गेला आणि त्याजागी सगळीकडून बारीक टिकटिक ऐकू येऊ लागली, कढईत मोहरी तडतडावी तशी पण थंड. चिखलातल्या कोळंबीच्या जातीचा एक जीव नांगी मिटतो त्याचा तो आवाज, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी चिखलच बोलतोय असं वाटत होतं. वास होता कुजक्या अंड्याचा, पण दहा मिनिटांत नाक त्याला सरावलं आणि मग त्याखाली एक वेगळा, भिजल्या लाकडासारखा वास लागला. तिवराच्या झाडाखाली बोटभर उंचीची श्वासमुळं शेकड्यांनी वर आलेली. काकांनी तिवराचं एक पान तोडून हातात दिलं, म्हणाले, चाटा. पानावर मिठाचा थर होता. झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानावाटे टाकून देतं. निवट्या, म्हणजे चिखलावर वावरणारे मासे, गाळावर उड्या मारत होत्या, एक माझ्याकडे डोळे वटारून थांबली, मग तिला माझ्यात काही अर्थ वाटला नसावा.

तिथं आम्ही अडकलो. अडकलो म्हणजे काकांना ते माहीत होतं, मला नव्हतं. पाणी इतकं उतरलं की होडीचा तळ गाळावर टेकला, एक मंद, समाधानी आवाज झाला, आणि काकांनी बांबू चिखलात रोवून त्याला होडी बांधली. "आता दोन-अडीच तास," ते म्हणाले आणि टोपी डोळ्यांवर ओढून आडवे झाले. मी आधी घड्याळ बघितलं, मग मोबाइल, त्याला रेंज नव्हती, मग पुन्हा घड्याळ. कराडहून पाच तास प्रवास करून मी चिखलात बसायला आले होते. पहिला अर्धा तास मला राग आला, नंतर नुसता कंटाळा, आणि कंटाळाही संपल्यावर मी बघायला लागले.

तेव्हा मला झाडांवरचं ते सगळं दिसलं. भरतीच्या रेषेवर, माझ्या डोक्याच्या जरा वर, प्रत्येक फांदीला काहीतरी अडकलेलं होतं. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्यांच्या माळा, एक शाळेचा टाय, जाळ्याचे तुकडे, औषधाच्या बाटल्या, मखराच्या थर्माकोलचा एक खांब, त्यावरची सोनेरी नक्षी अजून शाबूत. एका कांदळाच्या मुळात तसबिरीची चौकट होती. काच नव्हती, देव पाण्यानं पुसून गेलेला, फक्त कोपऱ्यात लाल रंगाचा एक डाग, जास्वंद असेल किंवा पायाचं बोट. कुणीतरी ती अगदी भक्तिभावानं, हात जोडून सोडली असेल आणि मागं वळून न बघता घरी गेली असेल. ती खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली आणि कुठल्यातरी उधाणाला इथं येऊन टांगली गेली. मला लाज वाटली, आणि लाजेच्या आत एक बारीकसा आनंदही झाला, तो का ते सांगता येत नाही. मी त्या चौकटीकडे पुन्हा पुन्हा बघत होते.

कांदळाच्या शेंगा मात्र याच येण्याजाण्यावर पोसतात. त्यांचं बी झाडावर असतानाच रुजतं, वीतभर लांब हिरव्या भाल्यासारखं लोंबतं. ओहोटीला पडलं तर गाळात रुतून तिथंच उभं राहतं, भरतीला पडलं तर तरंगत जातं, कुठल्या तरी काठाला टेकेपर्यंत जात-येत राहतं. पलीकडे खारं पाणी शेताबाहेर ठेवणारा एक जुना खारबांध होता, मधोमध फुटलेला. त्याच्या उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, लाकडी झडप अजून एका बिजागरीवर लोंबत होती. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की झडप आपोआप मिटायची, ओहोटीला आतलं गोडं पाणी तिला ढकलून बाहेर पडायचं. दाराला राखणदार लागायचा नाही. आता बांधाच्या आत, जिथं कधीकाळी भात होतं, तिथं या भाल्यांची कोवळी झाडं गुडघ्याएवढी झाली होती. शेत गेलं की वन आलं, यांतलं काय म्हणायचं ते बांधाच्या कुठल्या बाजूला तुमचं घर आहे त्यावर ठरेल. काकांचं आतल्या बाजूला होतं.

झोपेतून उठल्यावर ते पुराबद्दल बोलले. मी विचारलं नव्हतं. चिपळुणात 22 जुलै 2021 बद्दल कुणाला विचारावं लागत नाही. "आषाढी होऊन दोन दिवस," ते म्हणाले. "तेरस. तेरा पाऊण पावणेधा. पुनव तोंडावर, उधाणाचं पानी." वरून पाऊस कोसळत होता, नदी फुगलेली, आणि खालून समुद्र तिला आत येऊ देईना. पाणी जायला जागाच उरली नाही, ते गावात उभं राहिलं. दोन दिवसांनी ओसरलं तेव्हा काकांच्या पडवीत कुणाचं तरी कपाट होतं, आत घड्या घातलेल्या साड्यांसकट. त्यांनी चौकशी केली, कुणी आलं नाही. "मंग?" मी म्हटलं. "मंग काय. साड्या सुकवल्या." एवढं बोलून त्यांनी बांबूकडे बघितलं. बांबूला चिकटलेली एक काडी खाली ताणलेली होती ती आता सरळ उभी होती. फेसाचा एक ठिपका थांबला होता. निवट्या गप्प होत्या की मलाच ऐकू येत नव्हतं, सांगता येत नाही. मग तो ठिपका, जरा विचार करून, आतल्या बाजूला सरकला.

"फिरलं," काका म्हणाले.

पाणी भरायला लागल्यावरही होडी तळातून सुटायला बराच वेळ गेला. आधी गाळातल्या खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे आले, मग पाण्याची एक जीभ मुळांमधून आवाज न करता आत आली, आणि कधीतरी माझ्या लक्षातही न येता आम्ही तरंगत होतो. बाहेर खाडीत आलो तेव्हा वारा पश्चिमेचा होता आणि सगळी खाडी डोंगराकडे चालली होती. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला, माझ्यासारख्या घाटावरच्या माणसाला, जरा पोटात ढवळल्यासारखं होतं. एवढं मोठं पाणी, काठोकाठ, सह्याद्रीच्या दिशेनं चढतंय. गोवळकोटला शिडाची गलबतं यायची ती याच पाण्यावर. दाभोळला समुद्रातून आत शिरायचं आणि भरतीची वाट बघत टप्प्याटप्प्यानं वर सरकायचं. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी दख्खनमध्ये फिरून दाभोळहूनच परत निघाला. त्या बंदरात तोही सुटणाऱ्या जहाजासाठी थांबला असेल. थांबणं ही इथली जुनी रीत दिसते, मीच नवी होते.

साडेपाचच्या सुमाराला, ऊन पिवळं झालेलं असताना, चप्पल दिसली. आमच्या पुढं शंभरेक हातांवर, पट्टे वर, नाक डोंगराकडे. मी काकांना काही बोलले नाही, त्यांनीही मला दाखवली नाही, पण त्यांनी मशीन बंद केलं. होडी तिच्या जवळ जाऊन तिच्या वेगाची झाली आणि मग आम्ही तिघं बरोबरच निघालो. तांब्याची तार उन्हात चमकत होती. कुणाची असेल? लहान मुलाची नव्हती, पुरुषाची वाटत होती. तार बांधणाऱ्याचे हात कामाचे होते, पीळ आत दुमडून टोक पायाला लागणार नाही असा बसवलेला. हात लांब केला असता तर सहज मिळाली असती. सकाळी मला ती हवी होती, आता हातात घेऊन काय करणार ते सुचेना. उजव्या पायाची कुठं असेल? काठावर कुणी एका पायानं वाट बघत असेल, असा एक वेडगळ विचार आला, आणि त्याच्या पाठोपाठ नऊ वर्षांची एक मुलगी आली, दप्तर पाठीवर, घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी. तिला मी काय सांगितलं असतं? चुकीच्या नदीवर बघतेस, एवढंच.

धक्क्यापाशी आलो तेव्हा दिवे लागले होते. चप्पल धक्क्याच्या खांबाला लागली, जराशी फिरली, आणि खांबाला वळसा घालून वर, चिपळुणाच्या अंगाला निघून गेली. भरती अजून संपली नव्हती. काकांनी होडी बांधली. दोर बांधताना त्यांनी तो चांगला सात-आठ हात सैल सोडला, रात्री पाणी उतरल्यावर होडी लटकू नये म्हणून. मी उतरले, पैसे दिले, पाय चिखलानं गुडघ्यापर्यंत करडे झालेले.

"ती उद्या परत खाली जाणार?" मी विचारलं.

त्यांनी पाण्याकडे पाहिलं नाही. हाताच्या बोटांवर अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"उद्या अष्टमी," ते म्हणाले. "आठ पाऊण सहा."